बाहत्तर तास आणि त्याआधी

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दिवाळीच्या तोंडावर हा कसला विषय, असं काहींच्या मनात आलं असेल. आपण डायबेटिसवर, बायपासवर जेवता जेवता मोकळेपणानं बोलतो. मनाचा आजार मात्र "जरा टेन्शन आहे त्याला" एवढ्यावर गुंडाळतो. मग एका रात्री परिस्थिती हाताबाहेर जाते, कुणीतरी ९११ फिरवतं, दारात पोलीस येतात. मुलाला कुठे नेलं, कशासाठी नेलं, कधी सोडतील, घरात कुणालाच सांगता येत नाही.

मी इथे कॅलिफोर्नियात हॉस्पिटलांमध्ये दुभाष्याचं काम करते. डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण अशा वेळी घरच्यांना कोणते प्रश्न पडतात ते रोज ऐकते. त्यांतले तीन आज घेते.

पहिला प्रश्न : माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याला हॉस्पिटलात ठेवता येतं का?

येतं, पण वाटेल तसं नाही. आपल्या राज्यात १९६७ साली लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायदा झाला. त्याआधी माणसं वर्षानुवर्षं बंदिस्त राहत. या कायद्यातलं कलम म्हणजे सगळ्यांनी कधीतरी ऐकलेलं 'फिफ्टी-वन-फिफ्टी'. मनाच्या आजारामुळे स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याला धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, म्हणजे 'ग्रेव्हली डिसेबल्ड', या तिन्हींपैकी एक कारण असलं तर तपासणीसाठी जास्तीत जास्त ७२ तास ठेवता येतं. नुसतं विचित्र वागणं किंवा घरच्यांशी भांडण हे कारण होत नाही.

७२ तासांनंतरही डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी १४ दिवसांचा कागद होतो. पण त्यानंतर चार दिवसांच्या आत सुनावणी व्हावी लागते, आणि कोर्टात दाद मागण्याचा हक्क असतोच.

२०२३ साली झालेल्या 'एस. बी. ४३' कायद्यानं तिसऱ्या कारणाची व्याख्या रुंदावली. त्यात गंभीर व्यसनाधीनता आली, स्वतःची सुरक्षितता आणि आवश्यक वैद्यकीय उपचार न सांभाळता येणंही आलं. काउंट्यांना १ जानेवारी २०२६ पर्यंतची सवलत होती, ती आता संपली आहे. "मुलगा रस्त्यावर मरायला टेकला तरी कायदा हात लावू देत नाही," म्हणणाऱ्या आईबापांना याचा दिलासा वाटतो. रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्यांना भीती वाटते, की समाजात सोय नसली की सक्तीच सोपी पडेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच पुढचे दोन प्रश्न महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न : आत गेलेल्या माणसाला हक्क कोणते?

स्वतःचे कपडे घालणं, फोन करणं, पत्र लिहिणं, रोज भेटायला येणाऱ्यांना भेटणं. सबळ कारण दाखवून यांतले काही हक्क तात्पुरते रोखता येतात, पण तशी नोंद करावी लागते. 'पेशंट्स राइट्स ॲडव्होकेट'ला भेटण्याचा हक्क मात्र रोखता येत नाही. त्याचा नंबर वॉर्डात लावलेला असतो, तो पाहून ठेवा. १९८७ च्या रीझ खटल्यापासून हेही ठरलं आहे, की ठेवून घेतलं म्हणजे मनोविकाराची औषधं जबरदस्तीनं देता येतीलच असं नाही. आणीबाणी नसेल तर आधी वेगळी सुनावणी होऊन, हा माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही असं ठरावं लागतं.

आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी महत्त्वाचं : सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषी मोफत द्यावा लागतो. नातवाला मध्ये बसवून आजीच्या मनातलं काढायला लावू नका. ते ओझं पोराच्या खांद्यावर नको, आणि आजीही त्याच्यापुढे खरं बोलणार नाही.

"मुलगा २२ वर्षांचा आहे, डॉक्टर आम्हाला काहीच सांगत नाहीत," ही तक्रार नेहमीची. प्रायव्हसीच्या कायद्यानं डॉक्टरांच्या बोलण्यावर मर्यादा येतात, ऐकण्यावर नाही! २००२ पासून लागू असलेल्या 'ए. बी. १४२४' नुसार घरच्यांनी दिलेली आजाराची माहिती विचारात घ्यावी लागते. कोणतं औषध लागू पडलं, कशानं त्रास झाला, मागच्या वेळी काय केल्यावर तो शांत झाला, हे एका पानावर लिहून द्या.

तिसरा प्रश्न : सक्तीवाचून दुसरा मार्ग आहे का?

अनेक आहेत, पण ते आधी ठाऊक असावे लागतात. जुलै २०२२ पासून ९८८ हा नंबर आहे. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं संकट बोलण्यानंच निवळतं. बऱ्याच काउंट्यांत पोलिसांऐवजी 'मोबाईल क्रायसिस टीम' घरी येते. तुमच्या काउंटीचा नंबर आजच फ्रिजवर लावा. ९११ करावाच लागला तर "हा मानसिक आजाराचा प्रश्न आहे, सी. आय. टी. प्रशिक्षण घेतलेला ऑफिसर पाठवा," असं सांगा. घरात हत्यार नसेल तर तेही स्पष्ट सांगा.

'पिअर रेस्पाइट' नावाची घरं असतात. स्वतः अशा अनुभवातून गेलेली माणसं ती चालवतात, आपल्या मर्जीनं काही दिवस तिथे राहता येतं. सांताक्रूझला असं घर २०१० मध्ये सुरू झालं. आपल्या मातीतलंही उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या 'आत्मीयता' उपक्रमात गावातलेच स्वयंसेवक शेजाऱ्याचं दुःख ऐकायला आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायला शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शिकेत त्याच्या गुजरातमधल्या कामाचा समावेश केला.

आणखी एक कागद, 'ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह'. बरं असताना माणसानंच लिहून ठेवायचं : मला कुणाला कळवा, कोणती औषधं नकोत, माझ्या वतीनं कोण बोलेल. आणीबाणीत त्यातला प्रत्येक शब्द पाळला जाईलच असं नाही, पण बोलता येत नसतानाही त्याचं म्हणणं तिथे हजर असतं. भारतातही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हा हक्क दिला आहे, आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचाही. हा प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. त्याच कायद्यानं रुग्णाला साखळदंड घालायला मनाई केली. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं गेली होती. पुण्यात भाऊ आजारी आणि आपण इथून फोनवर निर्णय घेतोय, असं ज्यांचं चाललं आहे त्यांनी हा कायदा जरूर समजून घ्यावा.

शेवटचं सांगते. १९७५ साली सुप्रीम कोर्टापुढे केनेथ डोनाल्डसन यांचा खटला आला. फ्लोरिडाच्या इस्पितळात त्यांना जवळजवळ १५ वर्षं ठेवलं होतं. कोर्टानं म्हटलं, जो धोकादायक नाही आणि स्वतःच्या बळावर किंवा तयार असलेल्या नातलग-मित्रांच्या मदतीनं सुरक्षित राहू शकतो, त्याला नुसतं कोंडून ठेवता येणार नाही. आपल्या राज्याच्या कायद्यातही हेच आहे. 'स्वतःची काळजी घेता येत नाही' एवढ्याच कारणावरून १४ दिवस ठेवायचं असेल, तर मदतीला तयार माणसं आहेत का हे पाहावं लागतं. फक्त ती तयारी लेखी लागते. "आम्ही आहोत ना!" असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

म्हणून लिहिताना निभावेल तेवढंच लिहा. रात्रीची सोबत कोण करेल, गोळ्या कोण आणेल, डॉक्टरकडे कोण नेईल, नावानिशी. एकट्या आईवर सगळं टाकू नका, आणि झेपणार नसेल तर तसंही स्पष्ट सांगा. इथे काका-मामा शेजारच्या गल्लीत नाहीत. गणपतीच्या जेवणाला शंभर माणसांची यादी करणारं आपलं मंडळ अशा घरासाठी चार नावांची यादी नक्कीच करू शकेल. फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना घेऊन जा.