गोंडघर फाट्यावरची चांदी



राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की रणगाडे, विमाने, सरहद्दीवरील खडी फौज आणि दिल्लीतील खलबते यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि दहशतवादावर बोलणारे बहुतेक वक्तेही त्याच उंचीवरून बोलत असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटू लागते की, हे सारे आपल्या गावाच्या वेशीपासून फार दूर कोठेतरी घडत असावे. माझा अनुभव आणि वाचन मला उलट दिशेला नेते, आणि म्हणून आज मी आपणांस रायगड जिल्ह्यातील एका फाट्यावर घेऊन जाणार आहे.

1993 सालच्या जानेवारीत, म्हणजे बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत उसळलेल्या आणि सुमारे 900 माणसांचे बळी घेणाऱ्या दंगलींची आग अजून धुमसत होती त्याच दिवसांत, दिघीच्या बंदरावर रात्रीच्या अंधारात चोरटा माल उतरला आणि मोटारींत भरून निघाला. गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन ठाण्याच्या पोलिसांनी त्या गाड्या अडवल्या. येथपर्यंत सारे कायद्याला धरूनच झाले. पुढे काय झाले ते मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या खटल्याच्या कागदपत्रांत नमूद आहे. अडवणारे आणि अडवले गेलेले यांच्यात रकमेवरून घासाघीस झाली, सौदा ठरला, परंतु ठरलेली रक्कम त्या घडीला रोख हाती नसल्यामुळे चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या, आणि गाड्या मार्गस्थ झाल्या. सावकाराच्या पेढीवर व्हावा तसा हा व्यवहार सरकारी गणवेशात, भर रस्त्यावर, शिस्तीने पार पडला. पुढील महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले, आणि तेथेही ज्यांनी पाहावयाचे ते पाहत नव्हते, कारण कस्टमच्या अधिकाऱ्यांचे हातही ओले झालेले होते.

त्या फाट्यावरच्या शिपायांनी आपण राष्ट्राचा घात करीत आहोत असे मनात आणले असेल, असे मला वाटत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर सोने, चांदी, घड्याळे आणि परदेशी कापड उतरवण्याचा धंदा कित्येक वर्षे बिनबोभाट चालला होता. त्यात खलाशापासून साहेबापर्यंत प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता, आणि आपण सुशिक्षित मंडळीही त्या मालाचे गिऱ्हाईक होतो व तस्कराला चित्रपटाच्या पडद्यावर अर्धा नायक करून टाळ्या वाजवीत होतो. ज्या वाटेने घड्याळे आली त्याच वाटेने, त्याच होड्यांतून, त्याच हप्त्यावर स्फोटके आली. वाट नवी पाडावी लागली नाही.

12 मार्च 1993 रोजी, शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमारास मुंबईत शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि त्यापाठोपाठ एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, वरळीचा सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा अशी शहराची ठिकाणे एकामागून एक हादरत गेली. 257 माणसे मेली. घडवून आणणाऱ्यांनी याला दंगलींचा सूड म्हटले. मात्र झवेरी बाजारातून जाणाऱ्या वाटसरूचा कोणत्या दंगलीशी संबंध होता, याचे उत्तर त्यांनी कधी दिले नाही. 2013 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला तेव्हा 20 वर्षे उलटून गेली होती, आणि शिक्षा झालेल्यांत पोलीस होते, कस्टमचे अधिकारीही होते.

शत्रू पुन्हा समुद्रावरूनच आला. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मच्छीमार नौका भर समुद्रात बळकावली, तिच्या तांडेलाचा खून केला आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यांना हटकणारे पहिले लोक त्या वस्तीतील कोळी होते. त्यांच्याजवळ ना शस्त्र होते, ना अधिकार, केवळ आपल्या धक्क्यावर परकी होडी लागल्याचा संशय होता. शहरात हल्ला करून निघालेल्या हल्लेखोरांची मोटार मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर अडवली गेली, तेव्हा साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे, पूर्वी लष्करात नोकरी केलेले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हाती केवळ लाठी असताना पुढे झाले आणि त्यांनी एका हल्लेखोराच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या देहात गेल्या, पण तो हल्लेखोर जिवंत हाती लागला. गोंडघरचा फाटा आणि चौपाटीचा नाका या दोन्ही ठिकाणी गणवेश एकच होता, पगारही फारसा निराळा नव्हता.

आरोपी जिवंत हाती लागला याचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही. 166 माणसांच्या हत्येचा तो खटला आर्थर रोडच्या तुरुंगात चालला, आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली आणि फाशीपूर्वी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले. ‘एवढा खर्च कशाला?’ असे त्या काळी घरोघर विचारले जात होते. हल्लेखोर कोठून आले हे जगापुढे शाबीत झाले ते त्या खर्चातूनच. चौकातल्या फाशीने ते कधीच शाबीत झाले नसते. हल्ल्यानंतरच्या दिवसांतच मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा देण्याचे नाकारले. मुंबईच्या मुसलमान समाजाचे हे उत्तर अत्यंत स्पष्ट होते. तरीही भाड्याने घर मागणाऱ्याचे आडनाव ऐकून दार लावून घेण्याची आपली सवय काही सुटली नाही. शहराला दुभंगण्याचे जे काम स्फोटकांना साधत नाही ते अशा दारांना साधते.

याउलट 11 जुलै 2006 चे पाहा. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे घरी परतली नाहीत. 2025 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने सर्व 12 आरोपींना निर्दोष ठरवले: कबुलीजबाब विश्वासार्ह ठरले नाहीत, ओळखपरेड सदोष निघाली, जप्त मुद्देमालाच्या मोहरा आणि ताबा यांचा हिशेब लागला नाही. त्याच महिन्यात 2008 च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि तेथेही न्यायालयाने पंचनाम्यावर बोट ठेवले. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू, म्हणून एका निकालावर हर्ष आणि दुसऱ्यावर संताप अशी आपली वाटणी झाली. ज्यांची माणसे गेली त्यांच्या पदरी दोन्हीकडे एकच प्रश्न पडला, की मग मारले कोणी? पहिल्या निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. तेथे काय व्हायचे ते होईल. पण घाईने लिहिलेला पंचनामा आणि मारून घेतलेला जबाब हे गुन्हेगाराला वाचवतात व निरपराधाची उमर तुरुंगात घालवतात, इतके तर आजच दिसते आहे.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा निघाली, राष्ट्रीय सुरक्षा दलाची तुकडी मुंबईत कायमची आली, किनाऱ्यावर पोलीस ठाणी वाढली, कोळ्यांना ओळखपत्रे मिळाली. ते योग्यच झाले. तथापि आपल्या लांबलचक किनाऱ्यावर रात्री जागा असतो तो मुख्यतः होडीवरचा माणूस. त्याला ठाण्यात खुर्ची मिळते की दरडावणी, यावर तो पुन्हा बातमी देईल की नाही हे ठरते.

आपणांपैकी जे अधिकारपदावर असतील त्यांनी त्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी. आणि बाकीच्या आपण सर्वांनी, पंच म्हणून ठाण्यातून बोलावणे आले तर कामाची सबब सांगू नये. जावे, जे समोर जप्त होईल ते डोळ्यांनी पाहावे, कागद पुरता वाचावा, आणि कोऱ्या कागदावर सही मागितली तर ती देऊ नये.