गीतसंग्रहाची मोजदाद : आकडे का जुळत नाहीत?

आजच्या भाषणाचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. गाण्यांचा मोठा संग्रह संगणकावर साठविला, त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि दोन्हीकडील फायलींची संख्या ताडून पाहिली, तर ती पुष्कळदा जुळत नाही. अशा वेळी कोणी घाबरून सारे काम पुन्हा आरंभतो, तर कोणी ‘थोडा फरक चालायचाच’ म्हणून सोडून देतो. दोन्ही गोष्टी घातक आहेत. आणि आकडा जुळला म्हणून निर्धास्त राहणे तर त्याहूनही घातक आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीच्या गाण्यांचा नव्हे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन झाले, त्यात एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांपैकी कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या आहेत. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि गाणाऱ्या अनेक वृद्धा आज हयात नाहीत. ज्या चुंबकीय फितींवर असे आवाज जगभर साठविले गेले, त्या झिजत आहेत आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. युनेस्कोने २०१९ मध्ये याबाबत जगाला सावध करणारा उपक्रम हाती घेतला, तो याच कारणाने. फितीवरचे गाणे संगणकात पुरे उतरले, असे समजून मूळ फीत टाकून दिली आणि मागाहून काही गाणी उतरलीच नव्हती असे उघडकीस आले, तर ती पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरत नाही.

मोजदाद चुकते तिचे पहिले कारण असे की, नेमके काय मोजावयाचे हे ठरलेले नसते. सरकारी कचेरीत फाइल म्हणजे नस्ती. एका प्रकरणाची एक. संगणकावर मात्र फितीची एक बाजू ही एक फाइल असू शकते, त्याच बाजूवरील दहा गाणी वेगळी केली की दहा फायली होतात आणि जतनासाठी वेव्ह व ऐकण्यासाठी एमपी३ अशा दोन प्रती केल्या की वीस. ओव्यांच्या बाबतीत तर एका फाइलीत अनेक ओव्या असतात आणि एकच ओवी अनेक गावांत गायिलेली असते. ओव्यांची संख्या, गायिकांची संख्या व फायलींची संख्या एक येण्याचे काहीच कारण नाही.

दुसरे कारण, न मागता आलेल्या फायली. विंडोज प्रणाली चित्रांच्या छोट्या प्रतींसाठी ‘थंब्ज’ नावाची फाइल ठेवते, तर ॲपलचा संगणक ‘डीएस स्टोअर’ ही फाइल फोल्डरात टाकून जातो. त्या सहसा दिसत नाहीत, पण मोजणीत येऊ शकतात. विंडोज फायली व फोल्डर वेगवेगळे मोजते; ॲपलच्या ‘आयटेम’ या एका आकड्यात फोल्डरही धरले जातात. गाणी वाजविणारा प्रोग्राम आणखी तिसराच आकडा सांगतो. त्याला ओळखता येतात तेवढीच गाणी तो धरतो, आणि डिस्कवरून काढून टाकलेल्या गाण्याची नोंद त्याच्या यादीत तशीच राहू शकते.

मराठी नावांच्या बाबतीत काही खास अडचणी आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. ‘शेतकऱ्याचे गाणे’ या नावातील ‘ऱ’ संगणकात एकाच सांकेतिक क्रमांकाने लिहिता येतो, ‘र’ व खाली नुक्ता असाही लिहिता येतो, आणि ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही तेच रूप उमटते. डोळ्यांना तिन्ही नावे सारखीच. यंत्राला ती तीन वेगळी वाटू शकतात. २०१७ पर्यंत ॲपलच्या संगणकांवर प्रचलित असलेली डिस्कव्यवस्था पहिल्या रूपाचे दुसऱ्यात आपोआप रूपांतर करीत असे. परिणामी एकच गाणे दोनदा उतरते आणि संख्या फुगते.

संख्या घटते ती वेगळ्या वाटेने. ‘दुःख’ या शब्दातील विसर्गाऐवजी पुष्कळ जण अपूर्णविराम टंकतात. हे चिन्ह विंडोजला फाइलीच्या नावात चालत नाही. लिनक्सच्या सर्वसाधारण डिस्कव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून अवघी ८५ चिन्हे. गायिका, गाव, तालुका व ओवीचा विषय हे सारे नावातच कोंबण्याची हौस येथे नडते. फाइल मागे राहते, आणि रात्रभर चाललेल्या कामातील ती एक सूचना सकाळी कोणी वाचत नाही.

आता समजा, १२ गाणी गळाली आणि १२ निरुपयोगी फायली आल्या. बेरीज चोख जुळेल. शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. पटावर ४० मुले आणि वर्गात ४० डोकी, पण त्यांत दोघांची धाकटी भावंडे येऊन बसलेली आणि पटावरची दोघे गैरहजर! म्हणूनच हजेरी नावे पुकारून घेतात, डोकी मोजून नव्हे.

संगणकावर नाव पुकारण्याचे काम ‘चेकसम’ करतो. फाइलीतील संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला तो अंगठ्याचा ठसाच होय. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. गाण्यातील एक अंश बदलला तरी ठसा बदलतो, फाइलीचे नाव बदलले तर बदलत नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या ‘ऱ’च्या घोटाळ्यातील जुळी फाइलही पकडता येते. यासाठी खर्च नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ व लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ही साधने सहसा असतातच. मात्र माहिती आधी भरावी, मग ठसा घ्यावा. एमपी३ फाइलीच्या आत गायिकेचे किंवा गावाचे नाव लिहिले तरी, आवाज तोच असूनही, ठसा बदलतो.

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस व कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी पुढे आणलेली ‘बॅगइट’ ही पद्धत याच तत्त्वावर चालते. तिचा तपशील २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फायलींसोबत त्यांच्या ठशांची यादी एकाच गाठोड्यात जाते. फायलींची संख्या व एकूण बाइट यांवरून झटपट तपासणी करता येते, पण खरी पडताळणी ठशांवरूनच होते.

शाळेने किंवा ग्रामपंचायतीने गावातील वृद्धांची गाणी मुद्रित केली असतील, तर यादीत फाइलीचे छोटे नाव, ठसा, गायिकेचे नाव, गाव व मूळ फितीचा क्रमांक एवढे रकाने पुरेत. ही यादी डिस्कवर असावी आणि तिची छापील प्रत दप्तरीही असावी. तपासणीत एखाद्या फाइलीचा ठसा जुळला नाही, तर तिच्यासमोरील क्रमांक पाहून तेवढीच फीत पुन्हा वाजवावी लागते; उरलेल्या फितींना हात लावावा लागत नाही.