प्लंबरचा पगार कशाने वाढतो?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी आम्ही प्लंबरचा विषय घेतला तेव्हा काही जुन्या सभासदांनी विचारले, आठवा वेतन आयोग, पेन्शन, खासगीकरण असे मोठे प्रश्न दारात उभे असताना नळ दुरुस्त करणाऱ्याचे काय घेऊन बसलात? त्याचे उत्तर रेल्वे वसाहतीत सकाळी आठ वाजता चक्कर मारली तर मिळते. एकाच टाकीखाली, एकाच पाइपवर दोन माणसे बसलेली असतात. एक आपल्या वर्क्स शाखेचा, दुसरा ठेकेदाराचा. दोघांच्या हातात पाइप पाना तोच, दोघांचे कपडे सारखेच भिजलेले. पगार मात्र वेगळा. आणि दुसऱ्याला जितक्या स्वस्तात राबवता येते, तितकी पहिल्याची जागा कागदावरून पुसणे प्रशासनाला सोपे जाते. म्हणून दोघांचाही हिशेब मांडला पाहिजे.

आधी आपल्या माणसाचा. टेक्निशियन तीन म्हणून लागलेल्या प्लंबरला सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल दोनमध्ये १९,९०० रुपये मूळ वेतन. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्के झाला, त्याचे ९,९५०. मुंबईसारख्या शहरात क्वार्टर नसेल तर ३० टक्के घरभाडे, म्हणजे ५,९७०. वाहतूक भत्ता त्यावरच्या महागाईसह २,०२५. बेरीज ३७,८४५. त्यातून पेन्शनची वर्गणी वगैरे जाते. महागाई भत्ता त्यानंतरही वाढला आहे, पण हिशेब समजायला हे आकडे पुरेत.

आता हा पगार वाढतो कसा? वर्षाला तीन टक्के वेतनवाढ, सुरुवातीला ६०० रुपये. एवढ्यावर समाधान मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते म्हणतात, ट्रेड टेस्टची कटकट कशाला, दहा वर्षांनी एमएसीपी मिळतेच. त्यांनी वेतनाचा तक्ता उघडून पाहावा. लेव्हल दोनमध्ये दहा वेतनवाढी घेतलेल्या कामगाराचे मूळ वेतन २६,८०० होते. एमएसीपीने तो लेव्हल तीनमध्ये जातो आणि २७,६०० वर बसतो. फायदा ८०० रुपये. याउलट तीन वेतनवाढी घेऊन २१,७०० वर असलेला कामगार ट्रेड टेस्ट पास होऊन टेक्निशियन दोन झाला, तर तो लेव्हल तीन ओलांडून थेट लेव्हल चारला जातो. तिथे २५,५०० च्या खाली कोणाला बसवता येत नाही. फायदा ३,८०० रुपये, तोही सात वर्षे आधी, आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, पुढे पेन्शन सगळे चढते. तिथून टेक्निशियन एक म्हणजे लेव्हल पाच, आणि सीनियर टेक्निशियन लेव्हल सहा, ३५,४०० पासून. नुसत्या एमएसीपीवर राहणारा तीस वर्षांनी लेव्हल पाचपर्यंतच पोहोचतो.

आणखी एक गोष्ट. बढतीचा आदेश आला की बदली नको म्हणून काही जण नकार लिहून देतात. घरची अडचण असते, आम्ही नाकारत नाही. पण एमएसीपीचा हक्क येण्याआधी नियमित बढती नाकारली तर ती एमएसीपीही मिळत नाही, असा नियम आहे. सही करण्यापूर्वी शाखेत येऊन विचारा, ऑफिसातल्या बाबूला नको.

ट्रेड टेस्टमध्ये नापास होणारे बहुतेक हाताने कमी पडत नाहीत. जीआय पाइपला दाते पाडणे, सुतळी-सफेदा लावून जोड घट्ट करणे, हे त्यांना डोळे मिटून येते. अडते ते नकाशा वाचण्यात, मापात आणि तोंडी प्रश्नांत. सीनियर टेक्निशियन मंडळींनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर हे सुटण्यासारखे आहे. काही शाखांत हे सुरू आहे. बाकीच्यांनी वेतन आयोगाची वाट पाहत बसू नये.

आता ठेकेदाराच्या माणसाकडे येऊ. इथे प्रश्न जास्त कठीण आहे आणि रक्कमही मोठी आहे.

रेल्वे आणि टपाल ही केंद्र सरकारची आस्थापने. त्यामुळे तिथल्या कंत्राटी कामगाराला केंद्राचे किमान वेतनाचे दर लागू होतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून बांधकाम कामासाठी 'ए' क्षेत्रातले दर असे होते: अकुशल ७८३ रुपये रोज, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४, अतिकुशल १,०३५. मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद, दिल्ली ही सगळी 'ए' क्षेत्रात येतात. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये महागाईप्रमाणे हे दर बदलतात, तेव्हा ताजा दर शाखेच्या फलकावर लावला पाहिजे.

ठेकेदार काय करतो? पाइप कापायला, जोड मारायला, पंप बसवायला माणूस घेतो आणि मस्टरवर त्याला 'बिगारी' लिहितो. झाला तो अकुशल. ७८३ आणि ९५४ यांत फरक १७१ रुपये. सव्वीस दिवसांचे ४,४४६. वर्षाचे ५३,३५२ रुपये. एका शब्दाची ही किंमत. एवढ्या पैशात मुलाचे आयटीआयचे वर्ष निघते.

विचारले तर ठेकेदार सांगतो, याच्याकडे आयटीआयचे सर्टिफिकेट कुठे आहे? हे उत्तर ऐकून आपलेही कार्यकर्ते गप्प बसलेले आम्ही पाहिले आहेत. वास्तविक केंद्राच्या अधिसूचनेत कुशल कामाची जी व्याख्या आहे, तिच्यात कामावरच्या अनुभवाने आलेले कौशल्यही धरले आहे. उमेदवारी किंवा संस्थेतले शिक्षण हा एक मार्ग, अनुभव हा दुसरा. पंधरा वर्षे जोड मारणारा माणूस बिगारी नव्हे.

एका जंक्शनवर आम्ही हे प्रकरण हाती घेतले. नऊ प्लंबर होते, सगळे अकुशल दराने. आम्ही घोषणा दिल्या नाहीत. आधी तीन महिने प्रत्येकाला वही दिली: तारीख, क्वार्टर नंबर, काय काम केले, किती तास. रहिवाशांच्या तक्रार वहीतल्या नोंदी त्याला जुळवल्या. मग निविदेची प्रत मागवली. तीत प्लंबर कुशल दरानेच धरलेले होते! म्हणजे रेल्वे कुशलाचे पैसे देत होती आणि कामगाराला अकुशलाचे मिळत होते. हा कागद टेबलावर ठेवल्यावर बोलणी दोन बैठकांत संपली. फरकाची रक्कम मिळाली, पुढचे मस्टर सुधारले. दोघांना मात्र नव्या ठेक्यात घेतले नाही, त्यांच्यासाठी अजून झगडतो आहोत.

कायदा आता बदलला आहे, तो नीट समजून घ्या. १९४८ चा किमान वेतन कायदा वेतन संहिता २०१९ मध्ये सामावला गेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. श्रमसंहितांबद्दल कामगार चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते कायम आहेत. पण तीत जे कामगाराच्या कामाचे आहे ते वापरायला लाजू नये. कमी वेतनाचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. दावा नोंदणीकृत युनियनला आपल्या सभासदासाठी करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. जादा कामाला दुप्पट दर, महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत, आणि पगाराची चिठ्ठी दिलीच पाहिजे. चिठ्ठीवर 'कुशल' हा शब्द आहे का, ते प्रत्येक महिन्याला पाहायचे.

टपाल खात्यातल्या बंधू-भगिनींना इथे मोठे काम आहे. पुष्कळ ठिकाणी कंत्राटी कामगाराचे एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असते. कागदावर पूर्ण पगार खात्यात जातो आणि अर्धा परत काढून घेतला जातो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमन दारात जाऊन उघडू शकतो आणि पैसे कामगाराच्या स्वतःच्या अंगठ्याने निघतात. तो अंगठा मुकादमाला खिशात ठेवता येत नाही.

बाहेर, बाजारात काम करणाऱ्या प्लंबरबद्दल थोडक्यात. तिथे रोज मोठा दिसतो, पण रिकामे दिवस, पावसाळा, बुडवलेली मजुरी धरली तर महिना छोटा होतो. कमाई वाढते ती 'लेबर रेट'वरून मालासह काम अंगावर घेतल्यावर, आणि महापालिकेचा प्लंबरचा परवाना काढल्यावर. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडाईची माणसे देशभर याच धंद्यात आहेत, तिथे सरकारी प्लंबिंग संस्थाही आहे. आपल्या मुलांना मात्र एक वर्षाचा आयटीआयचा प्लंबर कोर्स हलका वाटतो आणि साध्या पदवीत तीन वर्षे घालवणे भारी वाटते.

आणि पैशाच्या आधीची एक गोष्ट. चोकअप काढायला प्लंबरला मॅनहोलमध्ये उतरवतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. कायम असो की कंत्राटी, कोणीही उतरायचे नाही. साहेबाने सांगितले तर लेखी मागा.

प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीतल्या कंत्राटी प्लंबरांची यादी करायची आहे: नाव, किती वर्षे काम, मस्टरवर कोणता दर्जा, हातात किती रक्कम. छापील तक्ता बाहेर टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा. यादी कार्यालयात आली की निविदांच्या प्रती मागवण्याचे काम आम्ही करू.