जीर्ण अंकांतील उद्याचे जग

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीपूर्वी घराघरांतून साफसफाई सुरू होते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते, तीतील जुनी मासिके आणि दिवाळी अंक बाहेर निघतात व दाराशी उभ्या असलेल्या रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडतात. त्या गठ्ठ्यात 'नवल'चा एखादा अंक असतो, एखादा 'धनंजय' असतो, 'किर्लोस्कर'चे सुटे अंक असतात. घरातील वडीलधारे माणूस एखादा अंक हाती घेऊन क्षणभर चाळते, मुखपृष्ठावरील अग्निबाण पाहून किंचित हसते आणि अंक पुन्हा गठ्ठ्यावर ठेवते. त्या क्षणी घरातून नेमके काय जाते, याचा विचार व्हावा म्हणून आजचा हा विषय.

विज्ञानकथांच्या जुन्या अंकांबद्दल वाचकांना वाटणारी ओढ जगात सर्वत्र आढळते. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. जानेवारी १९३० मध्ये 'अस्टाउंडिंग' निघाले. ही मासिके अगदी हलक्या, खरबरीत कागदावर छापली जात आणि मुखपृष्ठे भडक असत. प्रतिष्ठित वाङ्मयाच्या दरबारात त्यांना स्थान नव्हते. परंतु वाचकांच्या पत्रांबरोबर त्यांचे पत्तेही छापण्याची प्रथा पडली आणि गावोगावचे वाचक एकमेकांस लिहू लागले. त्यातून मंडळे स्थापन झाली, हस्तलिखित व चक्रमुद्रित पत्रके निघाली आणि १९३९ साली न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. आज त्या काळातील अंक, पत्रके आणि संमेलनांची चिटोरीही तेथे जपून ठेवली जातात.

मराठीतील परंपरा

मराठीस हा वारसा परका नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकातून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप वाचकांसमोर आले. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला वर्षातून एकदा भरगच्च अंकाची वाट पाहण्याची सवय लागली. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानविषयक मासिक सुरू झाले.

कारखाना आणि मासिक यांचे नातेही महाराष्ट्रात जुने आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली कारखान्याच्या या माहितीपत्रकाचे साऱ्या महाराष्ट्राच्या मासिकात रूपांतर झाले. नांगर व यंत्रे तयार करणाऱ्या वाडीतून विचारांचीही निर्मिती होऊ शकते, हे त्या मासिकाने दाखवून दिले.

अनंत अंतरकर यांनी १९४६ साली 'हंस' मासिक सुरू केले. पुढे 'मोहिनी' आणि 'नवल' ही भावंडे आली. 'नवल'च्या पानांवर साहस, गूढ, अद्भुत आणि विज्ञान यांची सरमिसळ असे. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. द. पां. खांबेटे, नारायण धारप, गजानन क्षीरसागर अशा लेखकांनी मासिकांचा वाचक या वाङ्मयाकडे वळवला.

१९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली, ही या वाटचालीतील महत्त्वाची घटना होय. १९७४ च्या स्पर्धेतील प्रथम पारितोषिकाची हकीकत सर्वश्रुत आहे. 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली होती. नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली, की खऱ्या लेखकाचे नाव उलगडत होते. ते लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताई नारळीकर यांनी कथेची प्रत लिहून काढली होती. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपल्या नावाचे वजन बाजूस ठेवून नवोदितांच्या रांगेत उभे राहावे, ही गोष्टच विज्ञानवृत्तीचा पाठ आहे. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित' ही त्यांची पुस्तके आली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने ही शाखा बहरली. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा एके काळी रद्दीत जाणाऱ्या कथाप्रकाराला सन्मानाचे आसन मिळाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथा प्रथम ज्या अंकांतून छापल्या गेल्या, ते अंक मात्र आज किती ग्रंथालयांत सापडतील, हा प्रश्नच आहे.

या परिसराचे नाते

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराशी या विषयाचा विशेष संबंध पोचतो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. बुरशीपासून औषध काढणारा कारखाना माळरानावर उभा राहणे, हे त्या काळच्या गावकऱ्यांना एखाद्या अद्भुत कथेसारखेच वाटले असल्यास नवल नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि कारखान्यांची रांग लागली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या ग्रामपंचायतींची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. एका पिढीच्या डोळ्यांदेखत ज्वारीच्या शेताचे यंत्रशाळेत रूपांतर झाले.

अशा नगरीत भविष्याची कथा वाचणारा वाचक वेगळ्या नजरेने वाचतो. दिवसा तो लेथवर उभा असतो, रात्री अंकातील यंत्रमानवाची गोष्ट वाचतो. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकाने जगास दिला. यंत्रमानवाने माणसास इजा करू नये, त्याची आज्ञा पाळावी आणि मग स्वतःचे रक्षण करावे, हे आयझॅक आसिमोव्ह यांचे तीन नियम मार्च १९४२ च्या 'अस्टाउंडिंग'मधील एका कथेत प्रथम स्पष्टपणे मांडले गेले. आज चाकणच्या मोटार कारखान्यांत यंत्रमानवाचे हात कुंपणाआड गाड्यांचे सांगाडे जोडत असतात. कुंपण कशासाठी, असे विद्यार्थ्याने विचारले तर त्याचे उत्तर सुरक्षिततेच्या नियमांत जसे आहे, तसेच त्या स्वस्त मासिकातील कथेतही आहे. यंत्राने काम हाती घेतले म्हणजे माणसाच्या कामाचे काय, हा त्या कथांतील दुसरा प्रश्न तर आजही या पट्ट्यातील प्रत्येक घरास लागू पडतो.

भोसरीहून निघालेला नाशिक रस्ता चाकण, राजगुरुनगर, मंचर असे टप्पे घेत नारायणगावास पोचतो. तेथून जवळच खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. आजूबाजूला द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेते, मध्ये आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या तबकड्या! जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले दृश्य जुन्नर तालुक्यात साक्षात पाहावयास मिळते.

गुण आणि दोष

जुन्या अंकांची आठवण काढताना डोळसपणा सोडून चालणार नाही. त्यांतील पुष्कळ कथा परकीय कथांची रूपांतरे होत्या. कित्येकांत विज्ञान नावापुरते आणि चमत्कार फार असे. शास्त्रज्ञ बहुधा पुरुष, आणि त्याची कन्या संकटात सापडण्यापुरती. मंगळावरील कालव्यांच्या कल्पनेवर असंख्य कथा रचल्या गेल्या. १९६५ साली मरिनर-४ यानाने छायाचित्रे पाठवली, तेव्हा तेथे उल्काविवरांचे ओसाड रान दिसले. परंतु चुकलेली कल्पनाही अभ्यासाचा विषय होऊ शकते. माणसाला काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते आणि पुरावा मिळताच मत कसे बदलले, हे त्या अंकांतून मुलांना दाखवता येते. पाठ्यपुस्तकात निष्कर्ष असतो. जुन्या अंकात त्या निष्कर्षापर्यंतची चाचपड असते.

शिवाय अंक म्हणजे केवळ कथा नव्हे. गाजलेली कथा पुढे संग्रहात येते. तिच्या भोवतीचे मात्र हरपते. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांच्यासारख्या चित्रकारांनी मराठी मासिकांच्या मुखपृष्ठांना घडवले. आतील रेखाचित्रे, वाचकांची पत्रे, स्कूटर, शिवणयंत्र आणि रेडिओ यांच्या जाहिराती यांतून त्या काळाचे सामाजिक चित्र उभे राहते. ग्रंथालयात वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची पद्धत पडल्याने हा ऐवज बऱ्याच ठिकाणी नष्ट झाला आहे.

हीच गोष्ट वाचकांनी स्वतः केलेल्या संग्रहांची. जुलै १९६९ मधील चांद्रविजय, एप्रिल १९७५ मधील 'आर्यभट्ट', एप्रिल १९८४ मधील राकेश शर्मा यांचे अंतराळ उड्डाण, अशा प्रसंगी वृत्तपत्रांतील कात्रणे कापून वह्यांत चिकटवणारे विद्यार्थी गावोगाव होते. त्या वह्या कोणत्याही मुद्रित ग्रंथात मिळावयाच्या नाहीत. त्यांची दुसरी प्रत नसते.

जतन कसे व्हावे

हलक्या कागदात लाकडातील लिग्निन राहून जाते आणि त्याच्या निर्मितीत आम्लधर्मी द्रव्ये वापरलेली असतात. उजेड, उष्णता व दमट हवा यांनी तो पिवळा पडतो आणि अखेर हात लावताच तुटतो. म्हणजे रद्दीवाला आला नाही तरी काळ येणारच आहे. यास्तव काही साध्या गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत.

अंक सुतळीने करकचून बांधू नयेत; कोरड्या जागी, उन्हापासून दूर, आडवे ठेवावेत. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद कागदास डाग पाडतो. नवा खंड बांधताना मुखपृष्ठासह संपूर्ण अंक बांधावा. प्रत्येक अंकाची नोंद करावी: मासिकाचे नाव, महिना व वर्ष, संपादक, मुखपृष्ठाचा चित्रकार, लेखक आणि कथा. ही नोंदवही शाळेतील मुलेही शिक्षकांच्या देखरेखीखाली तयार करू शकतील.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात गावोगाव शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली आहेत. दरवर्षी ही ग्रंथालये दिवाळी अंक विकत घेतात. वर्ष सरले, की त्यांतील बहुतेक अंक निकालात निघतात. निदान एक प्रत राखून ठेवण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने केला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. बालभारतीने १९७१ पासूनच्या आपल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संगणकावर वाचावयास खुले करून या बाबतीत चांगला पायंडा पाडला आहे. इतर अंकांची छायाप्रत काढताना मात्र लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अबाधित असतो, याचे भान ठेवावे. नोंद करण्यास व मूळ अंक जपण्यास कोणाचीच हरकत नसते.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी शाळेच्या वर्गात किंवा पंचायतीच्या सभागृहात अशा अंकांचे लहानसे प्रदर्शन मांडता येईल. ज्या घरांतून अंक येतील, त्या घरांतील निवृत्त कामगार व शिक्षक यांना बोलवावे आणि तो अंक त्यांनी कोठे वाचला, कोणाकडून उसना आणला, वाचून काय वाटले, हे मुलांना सांगू द्यावे. मुले ते लिहून घेतील. अंकाच्या नोंदीशेजारी वाचकाचीही नोंद होईल. अंक कदाचित दुसरीकडे सापडेल. तो वाचणारे माणूस मात्र आज आहे, उद्या नसेल.

वसाहतींतील जुन्या चाळी व क्वार्टर्स पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. घर बदलताना ट्रंक हलते आणि ट्रंक हलली, की अंक जातात. कामगारनगरीच्या पहिल्या पिढीने उद्याचे जग कसे पाहिले, याचा पुरावा त्या जीर्ण पानांत आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत गठ्ठा तराजूत टाकण्यापूर्वी तो एकदा सोडून पाहावा आणि गावच्या ग्रंथपालास दाखवावा, एवढीच या निमित्ताने विनंती.