झाडपाल्याचे औषध देताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. मंडळाने बोलायला उभे केले म्हणून चार शब्द सांगते. माझे माहेर साताऱ्याकडचे, पाटण खोऱ्यातले, सासर सांगलीचे. सुंठ, ओवा, हळद, अडुळसा यांवर माझा विश्वास आहे आणि पुढेही राहील. तेव्हा माझे बोलणे झाडपाल्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकते.

यंदा मंडळात एक सूचना आली आहे. हळद-मसाल्याबरोबर मधुमेहावरचे चूर्णही पुड्या बांधून विकावे, अशी. चार पैसे मिळतील, हे खरे. पण घरच्या माणसाला काढा देणे वेगळे आणि परक्याला औषध देणे वेगळे. घरच्यांची प्रकृती आणि त्यांच्या गोळ्या आपल्याला ठाऊक असतात. पुडी नेणाऱ्या बाईचे आपल्याला काय ठाऊक? तिच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असल्या आणि वर आपले चूर्ण घेतले, तर साखर एकदम उतरून घाम सुटतो, चक्कर येते, शुद्धही हरपते. चूर्णाच्या भरवशावर तिने गोळ्याच सोडल्या, तर साखर वाढत राहून डोळे आणि मूत्रपिंडे बिघडतात.

‘झाडाचे आहे, अपाय काय करणार?’ असे आपण सहज म्हणतो. पावसाळ्यात आमच्या डोंगरात कुंपणावर कळलावी फुलते. फूल कसे ज्योतीसारखे देखणे! बाळंतपणात कळा लावते म्हणून तिचे नाव तसे पडले. पण तिचा कंद जहर आहे. तो पोटात जाऊन माणसे दगावली आहेत. बचनाग, धोत्रा, कुचला, गुंज, बिब्बा, कण्हेर हीही औषधांत येतात. पण जाणता वैद्य त्यांची शुद्धी करून, मात्रा मोजून देतो. सरकारी नियमांत अशा विषारी द्रव्यांची यादीच आहे. ती घातलेले पोटात घ्यायचे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना वेष्टणावर छापावी लागते.

गुळवेल तर सर्वांच्या ओळखीची. करोनाच्या काळात घरोघर तिचा काढा झाला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी ६ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली होती. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे पडले की, खरी गुळवेल योग्य प्रमाणात निर्धोक आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असते. आपण दोन्हींतून बोध घ्यावा. वेल नीट ओळखावी आणि यकृताचे दुखणे असेल तर विचारल्यावाचून घेऊ नये.

आता कायद्याचे. १९४० च्या औषध कायद्याप्रमाणे आयुर्वेदिक औषध विक्रीसाठी तयार करायला परवाना लागतो. वैद्याला स्वतःच्या रोग्यांपुरते औषध करण्याची सवलत आहे. आपण काही वैद्य नव्हे. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा रोगांवरील औषध म्हणून जाहिरात करायला बंदी आहे. पुडीवरची चिठ्ठीसुद्धा जाहिरातच धरली जाते. शिवाय महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला वैद्यकी करता येत नाही.

म्हणून माझी विनंती की चूर्णाची सूचना मागे घ्यावी. हळद, मेतकूट, मसाला हे जिन्नस आपण खाद्यपदार्थांची रीतसर नोंदणी करून खुशाल विकावे. त्यांवर रोगाचे नाव मात्र घालू नये.

शेजारीण औषध विचारायला आली, तर आधी आपणच तिला विचारावे: दिवस गेले आहेत का? बाळ अंगावर पिते का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? दुखणे किती दिवसांचे आहे? गरोदर बाई, तान्हे मूल किंवा जुने दुखणे असेल, तर तिला दवाखान्याची वाट दाखवावी, आणि जमले तर सोबत जावे. काढा घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगायला लावावे. रागावतील म्हणून आपण बायका तेवढेच नेमके लपवतो.

आजीच्या बटव्याचा मान राखायचा, तर तो कोणापुढे उघडायचा आणि कोणापुढे बांधूनच ठेवायचा, हे कळले पाहिजे.