साडेसहाची शेवटची गाडी

(जानेवारी २०२४ मध्ये खानापुरात, पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. थोडं नीटनेटकं करून इथं देतेय.)



मला ‘पदवीनंतर पुढे काय’ यावर बोलायला सांगितलंय. स्पर्धा परीक्षा, स्कॉलरशिप यावर सकाळपासून माझ्यापेक्षा हुशार माणसं बोलून गेलीत. मी एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त अभ्यास मी बसच्या वेळांचा केलाय. म्हणून त्याच्यावरच बोलते.

राणी चन्नम्मा विद्यापीठ तुम्हाला माहीत आहे. २०१० मध्ये ते स्वतंत्र झालं. त्याआधी तिथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. नाव बेळगावचं, पण जागा भुतरामहट्टीला, कोल्हापूरच्या दिशेला हायवेवर. काकती गेलं, होनगा गेलं, की मग येतं. शेजारी प्राणीसंग्रहालय आहे. बसमध्ये ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलं की कंडक्टर विचारात पडतो, ‘झू’ म्हटलं की लगेच कळतं. पहिल्या महिन्यातच मी ‘झू’ला जाणारी मुलगी झाले. वर्षभर आम्ही ऐकतोय की नवा परिसर हिरेबागेवाडीला होतोय, म्हणजे धारवाडच्या बाजूला. तोही शहराबाहेरच. आपल्या तालुक्यातल्या मुलांना बेळगावात उतरून दुसरी गाडी पकडणं काही चुकत नाही.

माझं गाव खानापूरहून हेम्माडग्याच्या रस्त्याला. रान सुरू होतं त्या बाजूला. खानापुरातून आमच्या गावाकडे शेवटची गाडी संध्याकाळी साडेसहाची. आता हिशोब बघा. तास साडेचारला संपतो. हायवेवर यायला पंधरा मिनिटं. लगेच गाडी मिळाली तर सव्वापाच-साडेपाचला बेळगाव. तिथून खानापूर २६ किलोमीटर. सगळं जमून आलं तर सहा वीसला मी खानापूर स्टँडवर, हातात दहा मिनिटं. पण हायवेवर पहिली गाडी भरलेली आली आणि न थांबता गेली, की पुढचं सगळं ढासळतं. मग आईला फोन, मग ओळखीचा कुणी दुचाकीवाला आहे का याची शोधाशोध, नाहीतर खानापुरात आत्याकडे मुक्काम. रात्री त्या रस्त्यानं चालत जायचा प्रश्नच नाही. अस्वलं आहेत.

होस्टेलला का राहत नाहीस, असं सगळे विचारतात. वडील आजारी आहेत, घरी दोन म्हशी आहेत, आईला एकटीला होत नाही. आणि अर्ज भरायलाही मीच उशीर केला होता, ते कशाला लपवू?

सुरुवातीला आम्ही दोघी होतो. माझ्या शेजारच्या गावची मैत्रीण, तिचं नाव सांगत नाही. ती इथंच मराठी शाळेत शिकली, तुमच्यासारखीच शाळेत कन्नड शिकली. मी मात्र पहिलीपासून पदवीपर्यंत मामाकडे चंदगडला. मला कन्नडचा गंध नाही. त्यामुळे बेळगावच्या स्टँडवर बोर्ड वाचायचं काम तिचं, धावत जाऊन जागा पकडायचं काम माझं. छान चाललं होतं.

११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली. कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास. आधार दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. मी या योजनेच्या बाजूची आहे, आधीच सांगते. माझ्या आईनं बेळगावचा बाजार कित्येक वर्षांनी त्या जूनमध्ये बघितला. माझे महिन्याचे पैसे वाचले. पण गाड्यांची गर्दी एकदम वाढली आणि आम्ही उभ्या राहायचो तिथं भरलेली गाडी थांबेना. तिकीट फुकट, पण चढायला गाडी कुठाय? त्या जुलैत पाऊस धो धो. मैत्रिणीची शेवटची गाडी आठवड्यातून दोनदा-तीनदा चुकायला लागली. एकदा तिचा भाऊ रात्री नऊला भिजत खानापूरला तिला न्यायला आला. घरी काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पहिल्या सेमिस्टरला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. घरच्यांनी ‘शिकू नको’ असं काही म्हटलं नव्हतं हो. ‘एवढ्या उशिरा नको’ एवढंच म्हटलं. आपल्याकडे दोन्हीचा अर्थ एकच होतो, कारण दुसरी गाडीच नाही.

ती गेल्यावर बोर्ड वाचायचं माझ्यावर आलं. मी एक युक्ती केली. मला संकेश्वरची गाडी लागते, तिचं पहिलं अक्षर ‘स’. तेवढं एक अक्षर पाठ केलं. महिनाभर निभावलं. मग एका सकाळी, इंटर्नलच्या दिवशी, धावत ‘स’च्या गाडीत चढले. गर्दीत कंडक्टर माझ्यापर्यंत पोचेपर्यंत सांबऱ्याचा विमानतळ आला. मी म्हटलं, झू. तो म्हणाला, ही सौंदत्ती. शेजारच्या आजींनी विचारलं, यल्लम्माला चाललीस काय गं एकटीच? मी रडायच्या बेतात आणि त्या मला खोबरं देतायत. उतरून परत फिरेपर्यंत पेपर हुकला. यात चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही.

तुम्ही हसताय, हसा. त्याच आठवड्यात वर्गातल्या हुक्केरीच्या मुलीनं वहीच्या मागच्या पानावर मला कागुणित लिहून दिलं. म्हणजे आपली बाराखडी. क्रम तोच, क ख ग घ. आपण अनुस्वार डोक्यावर टिंब देतो, ते लोक अक्षराच्या पुढे गोल शून्यासारखा काढतात. म्हणजे ‘स’च्या पुढे शून्य दिसलं तर संकेश्वर, नाही तर सौंदत्ती. एवढ्या गोल शून्यावर माझा पेपर अडला होता. तीन आठवड्यांत मी बोर्ड वाचायला लागले.

यावरून आमच्या ग्रुपवर एकानं मला टोमणा मारला, की आता तूही तिकडचीच झालीस. त्याला मी तिथं उत्तर दिलं नाही, इथं देते. मला वाचता आलं म्हणजे बोर्डावर मराठी नको असं मी म्हणत नाही. चंदगडहून बाजाराला आलेल्या माझ्या मामीला कागुणित कोण शिकवणार? मागणी तीच राहील. पण तोपर्यंत मला सौंदत्तीला जायचं नाही.

आता कामाचं बोलते. आमच्या अभ्यासक्रमात राज्यघटना आहे. ३५० क आणि ख ही कलमं सगळ्यांना पाठ असतात, प्राथमिक शाळेत मातृभाषा आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ती आली. पण त्यांच्या आधीचं साधं ३५० कुणी वाचत नाही. ते म्हणतं की कुठल्याही गाऱ्हाण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे निवेदन द्यायचं असेल, तर केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणजे मराठीतला अर्ज ही मेहरबानी नाही.

म्हणून आम्ही अर्ज लिहिला. मागण्या दोनच. दुपारी चार पंचेचाळीस ते साडेपाचमध्ये विद्यापीठासमोर गाडी हमखास थांबावी आणि खानापुरातून आमच्या बाजूला साडेसात वाजता एक गाडी असावी. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड त्या हुक्केरीच्या मुलीनं लिहिलं. संध्याकाळी हायवेवर तीही आमच्यासोबतच उभी असते, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. कन्नड कशाला जोडायचं यावर आमची दोन दिवस भांडणं झाली. शेवटी जोडलं, कारण आम्हाला गाडी पाहिजे होती. ६१ सह्या झाल्या. टेबलावरच्या माणसानं कागद उलटसुलट करून बघितला, काही बोलला नाही, शिक्का मारून पोच दिली. पोच माझ्याकडे आहे. गाडी अजून नाही.

दुसरा अर्ज पुढच्या महिन्यात द्यायचाय आणि त्यात नुसत्या सह्या नकोत. तुमचं गाव, तिथली शेवटची गाडी किती वाजता आणि त्या गाडीपायी तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या कुणी शिक्षण सोडलं असेल तर कितवीनंतर, एवढं लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल. मागच्या बाकावरून वही फिरतेय, पहिलं नाव माझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. वही पुढे येऊ द्या, मला पाच वाजता निघायचंय.