बियाण्याच्या कोठारातील वारा

कोठारात रचलेली बियाण्याची थप्पी निश्चल दिसते. पण तिच्यातील प्रत्येक दाणा श्वास घेत असतो. दाणा कोरडा व थंड असला म्हणजे हा श्वास अतिमंद चालतो. ओल आणि उष्णता मिळाली की तो जलद होतो, दाणा आपलाच साठा खाऊन टाकतो, आणि पेरणीच्या दिवशी रूप शाबूत असूनही आत जीव उरलेला नसतो. शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा की, ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एका टक्क्याने उतरला म्हणजे बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. तपमान ५ अंश सेल्सिअसने उतरले तरीही तसेच.

माळव्यात, विदर्भात व मराठवाड्यात पेरल्या जाणाऱ्या सोयाबीनचे बियाणे विशेष नाजूक. त्याची साल पातळ आणि अंकुर सालीच्या अगदी लगत. ऑक्टोबरच्या सुमारास मळलेले हे बियाणे जूनमध्ये मातीत जाते. म्हणजे वैशाखाचा उन्हाळा आणि मृगाचा दमटपणा त्याला कोठारातच सोसावा लागतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्यात किमान ७० टक्के उगवण हवी व साध्या पोत्यांत ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा, असा भारतातील दंडक आहे.

मग खिडक्या उघडून वारा खेळवावा, हा उपाय सहज सुचतो. पण वारा मित्र असतो तसा वैरीही. समजा, थप्पीचे तपमान २४ अंश आहे आणि बाहेर ३२ अंशांची, ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा आहे. त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. २४ अंशांची हवा मात्र जेमतेम २२ ग्रॅम पेलू शकते. उरलेले पाणी दहिवरासारखे दाण्यांवर उतरते. सद्हेतूने उघडलेली खिडकी अशी बुरशीला आमंत्रण देते.

ही पारख अंगाला लागणाऱ्या झुळकेवरून होत नाही. म्हणून आधुनिक कोठारांत थप्पीच्या पोटात आणि भिंतीबाहेर तपमान व आर्द्रता मोजणारे संवेदक बसवितात. छोटा संगणक दोन्हीकडील आकडे ताडून पाहतो. बाहेरची हवा बियाण्याच्या तपमानाला आल्यावरही कोरडीच राहील असे दिसले, तरच पंखा सुरू करतो. एरवी झडपा मिटून घेतो. पावसाळ्यात कित्येक दिवस त्याचे शहाणपण पंखा बंद ठेवण्यातच असते.

अर्थात, ओले भरलेले बियाणे वाळविण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये, आणि मेलेला अंकुर तर कोणतेच यंत्र उठवू शकत नाही. शेवटचा निवाडा शेतकऱ्याच्या ओसरीवरच व्हावा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि आठव्या दिवशी निकोप मोड मोजावेत. सत्तर भरले, तर निर्धास्त पेरावे. थोडे कमी भरले, तर एकरी बियाणे वाढवावे. फारच कमी भरले, तर ते पोते शेतावर नेऊच नये.